लाकडी पंखातला ओलावा कसा गेला : माझा अनुभव

जुनं, लाकडी पंखांचं, शेपटीच्या चाकाचं विमान घेतलं. पंखाच्या मागच्या कडेजवळ कुबट वास आणि ओलावा मीटरवर २० टक्क्यांच्या वर आकडा. म्हणजे बुरशीला पूर्ण वाव. हँगरमध्ये ठेवलं, पंखे लावले, आकडा उतरेना. फार वैताग आला.

उपाय याच क्रमानं केला. तपासणीची झाकणं उघडून बोरस्कोप (अरुंद जागेत पाहायचा बारीक नळीचा कॅमेरा) आत घातला. विमान जमिनीवर उभं असताना प्रत्येक कप्प्याचा सर्वांत खालचा कोपरा शोधला. तिथली निचऱ्याची भोकं जुन्या डोपनं (पंखावरच्या कापडाला देतात त्या लेपानं) बुजलेली! ती बारीक लाकडी काडीनं, खालून, हलक्या हातानं मोकळी केली. ड्रिल अजिबात नाही. मग उष्णता न देता हवा खेळती ठेवली. आकडा १२ टक्क्यांवर स्थिरावल्यावरच परवानाधारक अभियंत्याकडून डिंकाचे सांधे तपासून घेतले. जुना केसीन डिंक (दुधातल्या प्रथिनापासून केलेला) ओलाव्यानं कमकुवत होतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.