शिमल्यातली मुलाखत आणि माझे कपडे

आम्हा सोलापूरकरांची थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक चादर. त्यामुळे जानेवारीत शिमल्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी नवी पेठेतून एक जाडजूड स्वेटर घेतला आणि तयारी झाली असं समजले. ब्लेझर त्यावर चढेचना!

आदल्या दिवशी रस्ता पाहून यावा म्हणून निघाले. मॉल रोडवर गाड्यांना बंदी, चढ पायीच चढायचा. वर पोहोचेपर्यंत आतला सुती बनियन घामाने ओला झाला आणि थांबल्यावर पाठीला बर्फ लावल्यासारखं गार लागलं. सुती कापड घाम धरून ठेवतं, लवकर वाळत नाही. आपल्या उन्हाळ्यात हाच गुण किती सोयीचा!

संध्याकाळी अंगाला घट्ट बसणारं लोकरीचं थर्मल घेतलं. त्यावर शर्ट, पातळ स्वेटर, ब्लेझर आणि सगळ्यावर गुडघ्यापर्यंतचा कोट. पायात खाचांचा रबरी तळवा असलेले बूट, पिशवीत फॉर्मल बूट आणि कोरड्या मोज्यांचा जोड. हे मोजे विसरू नकाच.

वीस मिनिटं आधी पोहोचले. कोटावरचा बर्फ दाराबाहेरच झटकला, नाहीतर आत वितळून कोट भिजतो. उबदार खोलीत शिरताच चष्म्यावर वाफ धरली, ती पुसली. बूट-मोजे बदलले, कोट काढून ठेवला. नाव पुकारलं तेव्हा बोटं ऊबदार होती, फाइल नीट धरता आली.