आधी टेबल, मग पान: कॉलेजच्या ग्रंथालयासाठी डेटाबेसवर चालणारी साइट

एचटीएमएल आणि सीएसएस हाताखालून गेलं की बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा पदविकेच्या अभ्यासक्रमात पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) समोर येतं. प्रोजेक्ट हाती पडताच बहुतेक गट मुखपृष्ठाला लागतात: सरकणारी चित्रं, रंगीत मेन्यू, कॉलेजचं बोधचिन्ह. दीड महिना त्यात जातो. मग घाईघाईत एकच मोठं टेबल तयार होतं आणि सबमिशनच्या आठवड्यात सगळं अडकतं. क्रम उलटा ठेवा. टेबलं बरोबर असतील तर पानं चार दिवसांत उभी राहतात. टेबलं चुकली तर प्रत्येक पानावर ठिगळं लावत बसावं लागतं.

विषय म्हणून ग्रंथालयाची देवघेव घ्या. विषय जुना वाटतो, पण शिकण्यासारखं सगळं त्यात आहे: एका पुस्तकाच्या अनेक प्रती, एका पुस्तकाचे अनेक लेखक, तारखा, दंडाचे पैसे, एकाच वेळी काम करणारे दोन कर्मचारी आणि मराठी नावं. शिवाय खरी पद्धत कशी चालते ते काउंटरवर जाऊन पाहता येतं.

कागदावरचं काम

पहिले दोन आठवडे संगणक बाजूला ठेवा. ग्रंथपालांची परवानगी घेऊन दाखल-नोंदवहीचे रकाने उतरवून घ्या. सदस्यांची खरी नावं आणि नंबर मात्र उतरवू नका. चाचणीसाठी काल्पनिक सदस्य पुरतात.

इथे पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होते: पुस्तक आणि प्रत एकच समजणं. एका शीर्षकाच्या पाच प्रती असतील तर शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती ही माहिती एकदाच साठवायची. दाखल क्रमांक मात्र प्रत्येक प्रतीचा वेगळा. वाचक घरी नेतो ती प्रत, त्यामुळे देवघेवीची नोंद प्रतीला जोडायची, पुस्तकाला नाही. २००० सालापासून वापरात असलेली कोहा ही मुक्त ग्रंथालय प्रणालीसुद्धा हेच करते. तिच्यात शीर्षकाचा तपशील बिब्लिओ आणि बिब्लिओआयटम्स या टेबलांत असतो आणि प्रती आयटम्स या वेगळ्या टेबलात.

एवढी सहा टेबलं पुरतात: पुस्तकं, लेखक, पुस्तक आणि लेखक यांना जोडणारं टेबल, प्रती, सदस्य आणि देवघेव. जोडणाऱ्या टेबलात फक्त दोन कॉलम असतात, पुस्तकाचा क्रमांक आणि लेखकाचा क्रमांक, आणि दोन्ही मिळून प्रायमरी की, म्हणजे त्या ओळीची एकमेव ओळख. ते न करता लेखक १, लेखक २, लेखक ३ असे कॉलम केले, तर एखाद्या लेखकाची सगळी पुस्तकं शोधायला तीन ठिकाणी पाहावं लागतं आणि चौथा लेखक आला की रचनाच मोडते.

देवघेवीत प्रतीचा क्रमांक, सदस्याचा क्रमांक, दिल्याची तारीख, परतीची मुदत, प्रत्यक्ष परत आल्याची तारीख आणि दंड. पुस्तक बाहेर असताना परतीची तारीख नल, म्हणजे रिकामी, ठेवा. प्रत उपलब्ध आहे की नाही याचा वेगळा कॉलम करू नका. ज्या प्रतीची परतीची तारीख नल असलेली नोंद आहे ती बाहेर, बाकीच्या कपाटात. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी दोन्हींत फरक पडतो, आणि मग खरं कोणतं ते कळत नाही.

दंडाचं थोडं वेगळं. पुस्तक बाहेर असेपर्यंत तो डेट-डिफ (दोन तारखांमधले दिवस मोजणारं फंक्शन) वापरून क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातच, काढा. पुस्तक परत आलं की मात्र रक्कम नोंदीत कायमची लिहून ठेवा. आज रोजचा दंड एक रुपया असेल, पुढच्या वर्षी दोन झाला तर जुने हिशेब बदलता कामा नयेत.

कॉलमचे प्रकार

मोबाइल नंबर इंटिजरमध्ये ठेवला की एक ठरलेला घोटाळा होतो. साध्या इंटिजरची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे आणि भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होतात. डेटाबेस कडक मोडमध्ये असेल तर एरर येते. ढिल्या मोडमध्ये प्रत्येक सदस्याचा नंबर २१४७४८३६४७ असाच साठतो. ज्या संख्येची बेरीज-वजाबाकी करायची नाही ती मजकूर म्हणून ठेवा. नंबरासाठी व्हारचार १५ पुरे.

पैशांसाठी डेसिमल ८,२ घ्या. फ्लोटमध्ये पैशांचा हिशेब नेमका राहत नाही. तारखेसाठी डेट हाच प्रकार, आणि तो वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच भरायचा. दिवस-महिना-वर्ष हा आपला क्रम पानावर दाखवताना वापरा.

फॉरेन की (एका टेबलाचा कॉलम दुसऱ्या टेबलाशी बांधणारा नियम) लावताना १५० क्रमांकाची एरर आली तर आधी दोन्ही कॉलमचे प्रकार ताडून पाहा. एका बाजूला अनसाइन्ड (ऋण संख्या न घेणारा) इंटिजर आणि दुसऱ्या बाजूला साधा इंटिजर असेल तर जोड बसत नाही. टेबलाचं इंजिन (साठवणुकीची पद्धत) इनोडीबी आहे ना, तेही बघा. मायआयसॅम इंजिन फॉरेन की कुठलीही एरर न देता सोडून देतं, त्यामुळे ती लागली असा समज होतो आणि अस्तित्वात नसलेल्या सदस्याच्या नावावर पुस्तक जातं.

मराठी मजकूर

अभ्यासक्रमात या भागाला जेमतेम जागा असते. मराठी साइटचे निम्मे दोष मात्र इथेच असतात.

डेटाबेस, टेबलं आणि पीएचपीची जोडणी या तिन्ही ठिकाणी यूटीएफ८एमबी४ हाच अक्षरसंच ठरवा. मायएसक्यूएलमध्ये जुन्या यूटीएफ८ या नावाने जे मिळायचं त्यात एका चिन्हाला तीनच बाइट होते. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाही. टेबल लॅटिन१ या रोमन लिपीपुरत्या जुन्या संचात राहिलं तर ढिल्या मोडमध्ये मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात, आणि ती परत मराठी होत नाहीत, मजकूर पुन्हाच टाइप करावा लागतो. डेटाबेसमध्ये मजकूर नीट आणि पानावर बिघडलेला दिसत असेल, तर पीडीओच्या (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या साधनाच्या) जोडणीत कॅरसेट, म्हणजे अक्षरसंच, लिहायचं राहिलं आहे का ते आधी पाहा.

‘श्री’ या अक्षरात युनिकोडची चार चिन्हं आणि बारा बाइट असतात. त्यामुळे पीएचपीचं स्ट्रलेन बारा सांगतं आणि एमबी-स्ट्रलेन चार. नाव जास्तीत जास्त ५० चिन्हांचं असावं ही तपासणी साध्या स्ट्रलेनने केली, तर सतराव्या चिन्हापाशीच नाव अडतं. लांब शीर्षक पीएचपीत कापू नका, कारण मात्रा किंवा जोडाक्षर मधेच तुटतं. ते काम सीएसएसच्या टेक्स्ट-ओव्हरफ्लोकडे सोपवा.

शोधात ‘कऱ्हाड’ सापडत नाही, अशी तक्रार हमखास येते. ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, एकदा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. मजकूर साठवताना आणि शोधतानाही एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहा आणि ते दोन्हीकडे वापरा.

क्रमवारीतही गफलत आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’मध्ये मिसळतात. शेदोनशे नावांची यादी असेल तर पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला कोलेटर मराठीसाठी वापरा, तो क्रम बरोबर लावतो.

ग्रंथालयाची जुनी यादी श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तशीच भरली तर फॉन्ट बदलताच कचरा दिसतो आणि शोध अजिबात चालत नाही.

पीएचपीची बाजू

लॅबमध्ये सहसा झॅम्प असतं, म्हणजे अपाची सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी यांचा एकत्र संच. फाइल एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवून लोकलहोस्टवरून उघडा. दोनदा क्लिक करून उघडली तर पीएचपी चालतच नाही. अपाची सुरू होत नसेल तर ८० क्रमांकाचा पोर्ट दुसऱ्या कशाने अडवलेला असतो. कॉन्फिग फाइलमध्ये लिसनसमोर ८०८० लिहा आणि पत्त्यातही तोच क्रमांक द्या.

सीनियरकडून आलेल्या वहीत किंवा फाइलीत मायएसक्यूएल-कनेक्ट आणि मायएसक्यूएल-क्वेरी ही फंक्शन असतील तर ती सोडून द्या. २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढून टाकली आहेत. सुरुवातीपासून पीडीओ आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटची गरज पटवायला हल्लेखोर लागत नाही, वसईचा किंवा गोव्याचा डिसूझा पुरतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याच्या नावात अक्षराच्या वर एक स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) असतो. फॉर्ममधलं नाव थेट क्वेरीत जोडलं असेल तर तो स्वल्पविराम मजकूर तिथेच संपवतो आणि क्वेरी मोडते. हीच फट वापरून एखादा पासवर्डशिवाय आत शिरतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये क्वेरी आधी जाते आणि मजकूर मागून वेगळा जातो, म्हणून तो कधीच आज्ञा बनत नाही. चाचणीच्या सदस्यांत एक डिसूझा हवाच.

पानावर मजकूर छापताना प्रत्येक वेळी एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स लावा, म्हणजे मजकुरातली चिन्हं एचटीएमएल म्हणून चालत नाहीत. साठवताना नव्हे, छापतानाच. साठवतानाच लावलं तर नोंदीत नको ती चिन्हं घुसतात आणि दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये ती दुप्पट होतात.

पासवर्डसाठी पासवर्ड-हॅश आणि पासवर्ड-व्हेरिफाय वापरा, एमडी५ नको. पासवर्ड-हॅश सहसा बीक्रिप्ट ही पद्धत वापरतं आणि तिचा हॅश (पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप) ६० चिन्हांचा असतो. कॉलम व्हारचार ५० ठेवला तर ढिल्या मोडमध्ये शेपूट कापलं जातं आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. कॉलम २५५ चा ठेवा.

हेडर आधीच पाठवले गेल्याची सूचना आली तर पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी मोकळी जागा, कोरी ओळ किंवा जुन्या नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला घातलेलं अदृश्य बीओएम चिन्ह शोधा. सेशन (लॉगिन केलेल्याची ओळख लक्षात ठेवणारी सोय) सुरू करण्याची ओळ पानावर काहीही छापण्याआधी हवी.

आता पुस्तक देण्याची कृती. दोन काउंटरवरून एकच प्रत एकाच क्षणी दोघांना दिली जाऊ शकते, म्हणून ट्रान्झॅक्शन हवं, म्हणजे सगळ्या पायऱ्या एकत्र पक्क्या (कमिट) किंवा एकत्र रद्द (रोलबॅक) होतात. ते सुरू करा. प्रतीची ओळ सिलेक्ट आणि फॉर अपडेट लावून अडवा. त्या प्रतीची परत न आलेली नोंद आहे का पाहा. नसेल तर नवी नोंद घाला आणि कमिट करा. असेल तर रोलबॅक करून तसा संदेश दाखवा. तपासायला मधे दहा सेकंदांचं स्लीप घाला आणि दोन वेगवेगळ्या ब्राउझरमधून एकदम बटण दाबा. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबवर ही चाचणी फसवी ठरते, कारण पीएचपी एका सेशनच्या विनंत्या एकामागून एक चालवतं.

नोंद झाल्यावर दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट करा, नाहीतर रिफ्रेश दाबताच फॉर्म पुन्हा पाठवला जातो. नोंद काढून टाकायला साधी लिंक देऊ नका, पोस्टचा फॉर्मच हवा.

क्वेरी

परत न आलेली पुस्तकं शोधताना बरोबरच्या चिन्हापुढे नल लिहिलं की एकही ओळ मिळत नाही, ‘इज नल’ असंच लिहायचं. एकदाही पुस्तक न नेलेले सदस्य हवे असतील तर लेफ्ट जॉइन (जोडताना डावीकडच्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारा) लागतो, इनर जॉइन त्यांना गाळून टाकतो. जॉइनची अट लिहायची राहिली तर ५०० प्रती आणि २०० सदस्यांच्या एक लाख ओळी पुढ्यात येतात.

तारखेची आणखी एक खोच. सर्व्हर यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या, वेळेवर असेल तर आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात तो आदल्या दिवसाची तारीख देतो. पीएचपीत आशिया/कोलकाता हा टाइमझोन ठरवा आणि डेटाबेसच्या जोडणीतही अधिक ५:३० लावा.

दिसण्याची बाजू

व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग राहिला तर मोबाइलवर अख्खं पान बारीक दिसतं आणि मीडिया क्वेरी काम करत नाहीत असं वाटतं. पुस्तकांच्या यादीला ग्रिड घ्या: रिपीटमध्ये ऑटो-फिल आणि मिनमॅक्स, किमान २२० पिक्सेल, कमाल १ एफआर. एवढ्या एका ओळीत मोबाइल ते मोठा पडदा सगळं सांभाळलं जातं.

मराठीसाठी लाइन-हाइट १.६ ते १.८ ठेवा, कमी ठेवली तर वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात. लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. पानाच्या लँग गुणधर्मात मराठीचा संकेत द्या. नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट त्यावरून ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं निवडतात, एरवी हिंदी वळणं दिसतात.

सर्व्हरवर चढवताना

विंडोजवर चाललेली साइट लिनक्स होस्टवर जाताच चित्रं गायब होतात, कारण तिथे फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. टेबलांच्या नावांचंही तेच. सगळी नावं पहिल्या दिवसापासून लहान अक्षरांत ठेवा. झॅम्पमध्ये रूटला पासवर्ड नसतो. होस्टवर वेगळा युजर आणि पासवर्ड असतो, म्हणून जोडणीचा तपशील एकाच कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा आणि ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाकू नका.

तोंडी परीक्षेच्या दिवशी लॅबमधल्या मशिनवर डेटाबेस नव्याने चढवावा लागू शकतो. एसक्यूएल फाइल आदल्या दिवशी दुसऱ्याच संगणकावर इंपोर्ट करून बघा. मराठी नावं नीट दिसली, फॉरेन की लागल्या आणि डिसूझाच्या नावावर पुस्तक देता आलं, की ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या.