स्टेअरिंग जड झालंय? पंपाच्या आधी हे बघा

स्टेअरिंग जड झालं की गॅरेजवर हमखास ऐकू येतं, 'पंप गेला', म्हणजे स्टेअरिंगला ऑइलचा जोर देणारा पंप. पंप जातोही, पण तो बदलायचा सगळ्यात शेवटी. आधी पुढच्या टायरची हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या आकड्यापेक्षा ती ८-१० पीएसआयने कमी असेल, तर नवं स्टेअरिंगही जडच लागेल.

हवा बरोबर असेल तर बॉनेट उघडा. स्टेअरिंग ऑइलची छोटी टाकी दिसली तर स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं. स्कॉर्पिओ, टवेरा अशा जुन्या गाड्यांत हीच पद्धत. स्विफ्ट, आय-२० मध्ये टाकी नसते, तिथं काम मोटर करते, म्हणजे स्टेअरिंग इलेक्ट्रिक.

हायड्रॉलिकमध्ये पहिल्यांदा ऑइलची पातळी बघा. कमी झालंय म्हणजे कुठून तरी गळतंय. नुसतं वरून भरत राहू नका. होज पाईपचे जोड, पंपाचं सील आणि रॅकचे (चाकं वळवणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट, म्हणजे टोकांची घडीची आवरणं, तपासा. पावसाळ्यात शेतरस्त्यानं गाडी घातली की काळ्या मातीचा चिखल बुटावर थापला जातो आणि उन्हात वाळून दगड होतो. बूट फाटला की तोच चिखल आत शिरून रॅकचं सील खातो. बूट दाबून बघा. आतून ऑइल आलं तर रॅकचं सील गेलंय.

ऑइल कोणतं, ते झाकणावर किंवा पुस्तिकेत असतं. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, सील फुगून निकामी होतात.

वळवताना घूंऽऽ असा आवाज आणि टाकीत दुधासारखा फेस, म्हणजे सिस्टिममध्ये हवा शिरली. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाईपची क्लिप बहुतेक वेळा ढिली असते, ती आधी आवळा. मग मागच्या चाकांना दगड लावा, पुढची चाकं जॅकवर उचलून स्टँड द्या. इंजिन बंदच ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५-२० वेळा सावकाश फिरवा. एकानं फिरवावं, दुसऱ्यानं टाकीवर नजर ठेवावी. पातळी उतरली की लगेच भर घालावी, नाहीतर परत हवा ओढली जाते आणि केलेलं सगळं वाया. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा तसंच फिरवा. टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो.

चाकं वर असतानाच, इंजिन बंद करून स्टेअरिंग फिरवून एक परीक्षा घ्या. हाताला तरीही अडकल्यासारखं लागलं, तर दोष चाकाच्या बॉल जॉइंटमध्ये, स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअपच्या) बेअरिंगमध्ये किंवा कॉलमच्या (स्टेअरिंगखालच्या दांड्याच्या) जॉइंटमध्ये असण्याची शक्यता मोठी.

सकाळी चालू करताना किंवा वळवताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर पंप फिरवणारा बेल्ट बघा. तडे असतील तर बदला, ढिला असेल तर ताणा.

इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये डॅशबोर्डवरचा स्टेअरिंगचा दिवा लागून ते जड झालं, तर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टच्या वर हवी, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. कमी असेल तर दोष बॅटरी किंवा अल्टरनेटरचा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासून काढा, अर्थिंगचा नट आवळा. मे महिन्याच्या उन्हात मोंढ्यातल्या गर्दीत सारखं मागे-पुढे केल्यावर जड झालं असेल, तर मोटर तापून कंट्रोलरनं जोर कमी केलाय. १०-१५ मिनिटं गाडी थांबवा. थंड होऊनही दिवा गेला नाही, तर स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. टॉर्क सेन्सर (हाताचा जोर मोजणारा) अंदाजानं उघडायचा नसतो.