फिलिंग मशीन नुसतं विसळू नका, आणि अशाच आणखी काही चुका

दुरुस्तीला येणाऱ्या मशीनसोबत एक वाक्य ठरलेलं असतं : "स्वच्छ आहे हो, रोज धुतो आम्ही." मी मान डोलावतो, क्लॅम्प सोडतो आणि दट्ट्या बाहेर ओढतो. पुढचं मला बोलावं लागत नाही. वास सुटतो आणि समोरचा आपसूक गप्प होतो.

बाटल्या-डब्या भरायचं, हाताने चालवायचं हे मशीन दिसायला फारच साधं. वर हॉपर म्हणजे माल ओतायचं भांडं, खाली सिलिंडर, त्यात दट्ट्या, पुढे नोझल म्हणजे तोटी. लिव्हर एकीकडे नेला की माल आत, दुसरीकडे नेला की बाटलीत. ना मोटार, ना वायर. म्हणूनच कदाचित ते उघडायचं असतं हे लोकांच्या मनातच येत नाही. हॉपरमध्ये साबणाचं गरम पाणी ओतायचं, वीसेक वेळा लिव्हर हलवायचा, नोझलमधून नितळ पाणी आलं की फडकं मारून मोकळे! 'पाच मिनिटांत मशीन साफ' म्हणतात ती हीच युक्ती. याला विसळणं म्हणतात, धुणं नव्हे.

दट्ट्यावरची ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं, कापून पाहिली तर गोल असते आणि ती ज्या खाचेत बसते ती चौकोनी. म्हणजे रिंगच्या खाली, कोपऱ्यांत, जागा उरतेच. प्रत्येक दाबाला माल कणाकणाने तिथे शिरतो. पाणी काही तिथे शिरायचा त्रास घेत नाही, ते मोकळ्या वाटेने निघून जातं. नोझलमधून येणारं नितळ पाणी फक्त त्या वाटेची साक्ष देतं, खाचेची नाही.

हे मला शहाणपणाने नाही, नुकसानीने कळलं. सुरुवातीच्या काळात मी स्वतः क्रीम भरायचो आणि रोज असंच विसळायचो. एके दिवशी पांढऱ्याशुभ्र डबीत मोहरीएवढा करडा ठिपका दिसला. झाकणाचा असेल म्हणून झाकणं बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपका. मग कच्च्या मालावर संशय, तो चाळून झाला. मग भरणाऱ्या मुलावर उगाच डाफरलो, त्याची पुढे माफी मागावी लागली. तिसऱ्या दिवशी चिडून मशीन पूर्ण उघडलं. रिंग उचलली तर खाली काळपट, बुळबुळीत थर आणि खवट तेलाचा भपकारा. दाब मारला की त्यातलाच एखादा तुकडा सुटून डबीत जात होता. १८० डब्या फेकल्या. ठिपका असलेल्या होत्या अकरा, पण उरलेल्या कोणत्या तोंडाने विकणार?

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. काम संपलं की आधी मशीन, मग बाकी सगळं, कारण नोझलमध्ये वाळलेली पेस्ट दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ खाते. पाणी घ्यायच्या आधी उरलेला माल रबरी उलथन्याने खरवडायचा आणि कागदाने पुसायचा. मग मालाप्रमाणे पाणी. मेण घातलेल्या क्रीमला कोमट पाणी काही करत नाही, मधमाशीचं मेणच मुळी ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तिथे पाणी चांगलं गरम लागतं. दुधाचा किंवा अंड्याचा माल असेल तर नेमकं उलटं : आधी थंड किंवा कोमट. उकळतं ओतलं तर तो पोलादावर शिजून चिकटतो आणि मग नखाने खरवडत बसा. त्यानंतर सगळ्या रिंगा काढून, मऊ ब्रशने खाचा आणि बारीक ब्रशने नोझल, साबणाने धुऊन भरपूर पाण्याने काढायचं. सुटे भाग जाळीवर उघडे वाळतात. रिंगा रात्रभर बाहेरच राहतात, सकाळी कामाआधी चढतात. ओलं मशीन जोडून ठेवलं की खाचेत बुरशीची सोय होते, शिवाय सतत दाबून राहिलेली रिंग चपटी होते.

रिंग काढताना स्क्रू-ड्रायव्हर घालणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. दोन बोटांनी रिंग एका बाजूला सरकवत आणा, तिचा छोटा फुगा तयार होतो, तो पकडून ओढा. अडलीच तर बोथट लाकडी काडी. दट्ट्याच्या खाचेवर केसाएवढा ओरखडा पडला तरी नवी रिंग घालून गळती थांबत नाही. आणि रिंग स्वस्त असते, दट्ट्या नाही.

आता दुसरी लाडकी चूक : वजन कमी-जास्त आलं की थेट मापाचा स्क्रू, म्हणजे एका दाबाला किती माल यावा हे ठरवणारा, फिरवणं. एकाने मशीनच 'बिघडलंय' म्हणून आणलं. एक डबी ९६ ग्रॅम, पुढची १०३, पुढची ९४. स्क्रू फिरवून फिरवून त्याचे आटे गुळगुळीत झालेले. मी त्यालाच म्हटलं, माझ्यासमोर भर. त्याने लिव्हर असा खेचला की टेबल हललं. घट्ट पेस्ट तेवढ्या वेगाने सिलिंडरमध्ये येऊच शकत नाही, मागे पोकळी राहते, आणि ती पोकळीसुद्धा माप म्हणून मोजली जाते. वर हॉपर अर्धा रिकामा, मधोमध विहीर पडलेली, तिच्यातून थेट हवा आत. मी त्याच मशीनवर सावकाश ओढून, शेवटाला 'एक-दोन' मोजेपर्यंत थांबून दहा डब्या भरल्या. फरक एका ग्रॅमच्या आत. त्याला ते आवडलं नाही. त्याला नवा भाग हवा होता.

एवढं करूनही वजन हलत असेल तर मागे बोट फिरवून बघा. दट्ट्याच्या मागच्या बाजूला सिलिंडर ओला असेल तर दट्ट्याची रिंग गेली. मागे कोरडं आहे पण धार तुटक येते, तर हवा हॉपरच्या जोडातून घुसतेय, तिथलं गॅस्केट, म्हणजे जोडातली चपटी चकती, बघा. चेंडू-स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असेल तर चेंडूखाली एखादी बी किंवा धागा अडकलेला असतो आणि माल मागे परततो. भरून झाल्यावर नोझल ठिबकत राहतं तेव्हा बऱ्याचदा मालात हवा असते : दाबली गेलेली हवा नंतर फुगते आणि थेंब बाहेर ढकलते. स्क्रूचा नंबर या सगळ्यानंतर. आणि हो, माप मिलिलीटरचं असतं, काटा ग्रॅम दाखवतो. १०० मिलिलीटर मध साधारण १४० ग्रॅम भरतो आणि तेल ९२. याची तक्रार घेऊनही लोक येतात.

बाकीच्या चुकांना एवढा वेळ देणार नाही.

लोखंडी घासणीने स्टील घासू नका. तिचे कण चिकटून राहतात आणि गंजतात, मग 'स्टीलला गंज आला' म्हणून फोन येतो.

ब्लीचमध्ये भाग रात्रभर बुडवून ठेवू नका. क्लोराईड स्टीलवरचा संरक्षक थर फोडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते खड्डे परत बुजत नाहीत.

निर्जंतुक करायला ७० टक्के अल्कोहोल चांगलं, पण धुतलेल्या भागावर आणि आगीपासून लांब. मळावर मारलेलं अल्कोहोल वाया जातं. हॉपर पारदर्शक ॲक्रिलिकचा असेल तर त्याला अजिबात लावू नका, बारीक तडे जातात.

हाताला लागेल ते ग्रीस चोपडू नका. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस फुगवतं, ईपीडीएम रबराला खनिज तेल आणि व्हॅसलिन फुगवतं. फुगलेल्या रिंगने लिव्हर जड होतो आणि मग 'सैल व्हावा' म्हणून आणखी ग्रीस लावलं जातं. रिंग कशाची आहे ते विकणाऱ्याला विचारा आणि रिंगांच्या डबीवर लिहून ठेवा.

गरम पाण्यातून काढलेला टेफ्लॉन सीलचा दट्ट्या लगेच ठोकून बसवू नका. तापलं की टेफ्लॉन स्टीलपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, निवलं की दट्ट्या हाताने बसतो.

उघडण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढा. जोडून झाल्यावर टेबलावर एक स्प्रिंग उरली तर ती जास्तीची म्हणून खिशात टाकणारे मी पाहिले आहेत. माल घालण्याआधी साध्या पाण्यावर दहा दाब मारा, प्रत्येक दाब वेगळा तोला, मगच पाणी काढून, कोरडं पुसून, हॉपर भरा.