रानडुकरांपासून वावर राखायला पिल्लू कसं तयार करावं

काटोल-नरखेडच्या संत्राबागा असोत की उमरेडकडचा हरभरा, जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, चांगला कुत्रा हवाच. पण त्याला डुकराच्या अंगावर सोडायचं मात्र शिकवू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पाठलाग, फासे, आमिष आणि तसा प्रयत्नसुद्धा त्यात येतो. शिवाय मोठ्या नराचे सुळे एकमेकांवर घासून कायम धारदार राहतात. तो मान खाली घालून वर हिसका देतो आणि कुत्र्याचं पोट फाटतं. कुत्र्याचं काम दोनच गोष्टींचं: चाहूल लागली की भुंकायचं, हाक आली की परतायचं.

पिल्लू गावठीच घ्या, आपलं ऊन त्यालाच सोसतं. आई राखणीची असेल तर उत्तम. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका. निवडताना जवळच एक घमेलं आपटा. दचकून मागे सरलेलं, पण लगेच वास घ्यायला पुढे आलेलं पिल्लू घ्या. कोपऱ्यात दडून बसणारं आणि अंगावर धावणारं, दोन्ही नकोत. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी सुरू करा, रेबीजची तीन महिन्यांनंतर. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या कुत्र्यांत मिसळू देऊ नका.

पहिले काही महिने एकच धडा: परत येणं. जेवणाच्या वेळी दोन घास हातात ठेवा, ‘यू यू’ करून नावाने हाक मारा, आलं की लगेच द्या. आधी अंगणात, मग वावरात, मग शेळ्या चरत असताना. वावरात वीसेक फुटांची हलकी दोरी पट्ट्याला बांधून जमिनीवर लोळू द्या. शेळीमागे धावलं तर दोरीवर पाय ठेवा, हाक मारा, वळलं की शाबासकी द्या. रागावण्यासाठी मात्र कधीच बोलावू नका. एकदा जरी हाकेपाठोपाठ मार बसला, तरी पुढे ऐन वेळी ते घुटमळेल. हा धडा पक्का होईपर्यंत पुढे जाऊ नका, मग भले सहा महिने लागोत.

मग सकाळी धुऱ्याने, म्हणजे वावराच्या बांधाने, फिरवा. डुकरं येऊन गेली की माती नांगरल्यासारखी उकरलेली दिसते. ओल्या मातीत दोन मोठ्या खुरांच्या ठशामागे बाजूला दोन बारीक खुणाही उमटतात. तो वास त्याला निवांत घेऊ द्या आणि लगेच माघारी बोलवा. मेलेलं डुक्कर किंवा त्याचं कातडं दाखवून चेतवू नका. त्याने कुत्रा पाठलागाला लागतो.

भुंकणं शिकवायला दोन माणसं लागतात. एकाने तुरीच्या पलीकडे पाचोळा खसखसवायचा, दुसऱ्याने दोरी धरून धुऱ्याच्या आत थांबायचं. कुत्रा भुंकला की पलीकडच्याने आवाज बंद करून निघून जायचं. आपल्या भुंकण्याने समोरचा पळाला, हे त्याला उमगलं की पुढे कौतुकाचीही फारशी गरज राहत नाही. धुरा ओलांडू लागला तर दोरीने अडवा. धुरा ही त्याची हद्द.

रात्रीची जागल वर्षाच्या आत नको. डुकराची नजर मंद, पण नाक फार तेज. वारं ज्या नाल्याकडून किंवा झुडपाकडून येतं, तिकडे तोंड करून बसा, म्हणजे कुत्र्याला वास आधी मिळतो. तो भुंकला की टॉर्च लावा, डबा वाजवा, कुत्र्याला जवळ बोलवा. पिलांसोबतच्या मादीची वाट कधीच अडवू नका. ती उलटते.

कुत्र्याला वावरात एकटं बांधून घरी येऊ नका. उमरेड-कऱ्हांडला, पेंच, बोर अशा जंगलांलगत बिबट्या असतोच आणि बांधलेला कुत्रा त्याला आयता सापडतो. उन्हाळ्यात सगळा सराव पहाटेच उरका.

डुकराने मारलंच, तर जखम वरून बारीक दिसली तरी आत खोल असते. आतडं बाहेर आलं तर ते आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडाने झाका. पायातून रक्त वाहत असेल तर कापड घट्ट दाबून धरा. हळद किंवा तंबाखू भरू नका. लगेच पशुवैद्यकाकडे न्या. नागपूर शहराजवळ असाल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. पिकाचंही नुकसान झालं असेल, तर त्याच दिवशी फोटो काढून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत तो भाग नांगरू नका.