जागल्या की फितूर? लष्करी गुपित फोडणाऱ्या सैनिकाविषयी मत कसे बनवावे

लष्करी गुपित फोडणाऱ्या सैनिकाला कोणी ‘जागल्या’ (गैरकृत्य उजेडात आणणारा) म्हणतो, कोणी ‘फितूर’, आणि बहुतेकदा त्याने नेमके काय बाहेर दिले हे वाचण्याआधीच ते नाव ठरून गेलेले असते. नाव देण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवावे आणि त्याआधी पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

प्रथम पाहावे ते हे, की दडवलेली गोष्ट कोणती होती. सैन्याच्या हालचाली किंवा खबऱ्यांची नावे गुप्त राहिली नाहीत तर माणसे मरतात, म्हणून ती गुप्तता न्याय्य आहे. परंतु गुन्हा झाकण्यासाठी मारलेला ‘गोपनीय’ हा शिक्का न्याय्य ठरत नाही. अमेरिकेच्या 2009 च्या कार्यकारी आदेश 13526 मध्येच कायदेभंग लपवण्यासाठी किंवा नामुष्की टाळण्यासाठी माहिती गोपनीय ठरवण्यास मनाई आहे.

त्यानंतर तो सैनिक आधी कोणाकडे गेला, हे तपासावे. इराकमधील अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे अमेरिकी सैनिक जो डार्बी यांनी जानेवारी 2004 मध्ये लष्कराच्याच गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपवली. अमेरिकी सैनिकाने संसद सदस्याकडे किंवा महानिरीक्षकाकडे तक्रार केल्यास त्याला संरक्षण देणारा कायदाही 1988 पासून आहे. मात्र दार कागदावर असणे आणि उघडे असणे यांत फरक आहे, हे येथे विसरू नये. व्हिएतनाममधील माय लाई येथे 16 मार्च 1968 रोजी अमेरिकी सैनिकांनी केलेले गावकऱ्यांचे हत्याकांड हेलिकॉप्टर वैमानिक ह्यू थॉम्पसन यांनी वरिष्ठांच्या कानावर त्याच दिवशी घातले होते. तरीही ते दडपले गेले आणि खरी चौकशी सुरू झाली ती रॉन रायडनअवर या माजी सैनिकाने मार्च 1969 मध्ये संसद सदस्यांना व अधिकाऱ्यांना पत्रे लिहिल्यानंतर. डार्बी यांचे नाव तर खुद्द संरक्षणमंत्र्यांनी जाहीर सुनावणीत उच्चारले, आणि त्यांना स्वतःच्या गावी परतणे अशक्य झाले. ‘योग्य मार्गाने का गेला नाही?’ असे विचारणाऱ्याने ही किंमत लक्षात घ्यावी.

तिसरा प्रश्न माझ्या मते सर्वांत निर्णायक आहे: जेवढा अपराध होता तेवढेच उघड केले, की हाती लागेल ते सारे? डॅनियल एल्सबर्ग, जे पूर्वी मरीन दलात होते, यांनी 1971 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निर्णयांविषयीची सुमारे 7,000 पानांची कागदपत्रे बाहेर आणताना शांतता वाटाघाटींचे खंड मागे ठेवले. उलट अमेरिकी लष्करातील चेल्सी मॅनिंग यांनी 2010 मध्ये गुप्त कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाला दिलेले दस्तऐवज सात लाखांहून अधिक होते. ते सर्व वाचून निवडणे एका माणसाला शक्यच नव्हते. त्यांत 12 जुलै 2007 रोजी बगदादमध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबाराचे चित्रीकरण होते, ज्यात रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारी मारले गेले. आणि त्यांतच अमेरिकी सैन्याला माहिती पुरवणाऱ्या अफगाणांची नावेही होती. या दोन्हींचा निवाडा एकत्र करू नये. चित्रीकरण लोकांसमोर येणे मला योग्य वाटते, आणि त्या नावांबाबतची बेफिकिरी अक्षम्य वाटते.

हेतूला मी चौथे स्थान देतो. अमेरिकेच्या हवाई राष्ट्रीय रक्षक दलातील जॅक टेशेरा याने ऑनलाइन मित्रमंडळात मिरवण्यासाठी गुप्त कागद टाकले. 2024 मध्ये त्याला 15 वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याला जागल्या म्हणण्याचे कारण नाही. तथापि हेतू आणि परिणाम नेहमी जुळतात असे नाही. ऑस्ट्रेलियाचे लष्करी वकील डेव्हिड मॅकब्राइड यांची मूळ तक्रार सैनिकांची अतिरेकी चौकशी होत असल्याची होती, पण त्यांच्या कागदांतून अफगाणिस्तानातील बेकायदा हत्यांचे आरोप पुढे आले.

शिक्षेचा आकडा मात्र नैतिक पुरावा म्हणून वापरू नये. अमेरिकेच्या 1917 च्या हेरगिरी कायद्यात सार्वजनिक हिताचा बचाव मान्य नाही, त्यामुळे अशा खटल्यात न्यायालय वरील बहुतेक प्रश्नांत शिरतच नाही. मॅनिंग यांना लष्करी न्यायालयाने शत्रूला मदत केल्याच्या आरोपातून मुक्त केले आणि तरीही 35 वर्षे सुनावली. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ती शिक्षा जानेवारी 2017 मध्ये कमी केली. त्या नावांची चूक गंभीर मानूनही मला 35 वर्षे अवाजवी वाटतात, कारण चित्रीकरणातील मृत्यूंबद्दल एकाही सैनिकावर खटला चालला नाही.