बॅटरीविना रेडिओ: १९२७च्या धर्तीचा क्रिस्टल सेट

२३ जुलै १९२७ला मुंबई केंद्र सुरू झालं, तेव्हा त्याची शक्ती जेमतेम दीड किलोवॅट होती. रेडिओ ऐकण्याचा परवाना वर्षाला १० रुपये. व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) सेट ज्यांना परवडत नसे ते शहरातले श्रोते क्रिस्टल सेटवर भागवत. त्याला बॅटरी नसते; एरियलने पकडलेल्या लहरींच्या जोरावरच हेडफोन बोलतो. तेव्हा हात आखडायचा तो पेटीच्या पॉलिशवर, एरियलवर नाही.

आज करून पाहायचा असेल, तर जवळचं मीडियम वेव्ह केंद्र चालू आहे का, ते आधी साध्या ट्रान्झिस्टरवर तपासा.

एरियलला २५-३० मीटर तांब्याची तार घ्या आणि ती जमेल तितकी उंच बांधा, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर लावून. विजेच्या तारांपासून मात्र लांब. अर्थिंगसाठी जमिनीत गेलेला लोखंडी नळ रंग खरवडून वापरा. प्लास्टिकचा नळ कुचकामी.

कॉइल: ७५ मि.मी. व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर २६ गेजच्या इनॅमल तारेचे ६० वेढे, एकमेकांना चिकटून. पुठ्ठ्याला आधी लाखेचा हात द्या, नाहीतर पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि आवाज बसतो. वेढ्यांवर एका सरळ रेषेत इनॅमल घासून काढा. स्लायडर, म्हणजे सरकवायची धातूची पट्टी, तिथूनच फिरतो. एरियल कॉइलच्या एका टोकाला, स्लायडर अर्थला. एरियलच्या टोकापासून गॅलिना (शिशाच्या खनिजाचा खडा), पुढे हेडफोन, आणि त्याची दुसरी तार अर्थला.

खरी कसोटी गॅलिनाची. हा चकचकीत खडा चिमट्यानेच धरा. बोटांचा तेलकटपणा लागला की तो मंदावतो, मग स्पिरिटने पुसावा लागतो. हेडफोनकडे जाणाऱ्या बारीक तारेचं टोक त्यावर अलगद टेकवायचं. दाबलं तर आवाज जातो. सगळ्याच जागा चालत नाहीत, खरखर ऐकू येईपर्यंत टोक सरकवत राहा. दार आपटलं तरी जागा हलते, आणि पुन्हा शोधाशोध!

हेडफोन २००० ओहमच्या आसपासचा, जुन्या पद्धतीचा हवा. मोबाइलचा इअरफोन थेट जोडलात तर त्याच्या कमी रोधामुळे काहीच ऐकू येणार नाही.

आभाळ भरून येण्याआधीच एरियल सेटपासून सोडवून घराबाहेरच अर्थला जोडा, आणि गडगडाट सुरू झाल्यावर तारेला हातही लावू नका.